पेट्रोलची काडी आणि काळे रान

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. निवडणुकीच्या दिवसांत एखादे हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरते, तेवढीच आमची आणि उडत्या यंत्रांची ओळख. तेव्हा आज मी विमानातल्या पेट्रोलविषयी आणि विमान नाइलाजाने शेतात उतरवावे लागते त्याविषयी बोलणार आहे, हे ऐकून कुणी म्हणेल, मास्तरांना आज विषय सापडलेला दिसत नाही. पण विषय आमच्या घरचाच आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, ते तरुणपणी एका हंगामात फवारणीच्या विमानापुढे झेंडा धरायला उभे राहिले होते.

ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकातली. कपाशीच्या पट्ट्यात त्या काळी सरकारी योजनांतून विमानाने औषध फवारले जाई. शेताच्या दोन टोकांना दोन माणसे पांढरे झेंडे घेऊन उभी राहत. विमान एका झेंड्याकडून दुसऱ्याकडे जाई, आणि ते डोक्यावरून गेले की झेंडेवाल्याने ठरलेली पावले मोजून बाजूला सरकायचे. औषध अंगावर पडे. त्याची पर्वा करावी हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते. तात्या विमानाचे वर्णन फारसे करीत नसत. त्यांच्या ध्यानात राहिली होती ती एक काडी.

"पायलटसाहेब दर खेपेला विमानावर चढायचा, टाकीचं बूच काढायचा, अन् आत काडी घालून बघायचा," तात्या सांगत. "आपण रॉकेलच्या डब्यात काडी घालून बघतो का नाही, तसं! आम्ही हसायचो. एवढं लाखाचं विमान, अन् त्याला काटा नाही?"

काटा होता. तरीही काडी का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला तो आज सांगतो.

विमानाने पिकावर औषध टाकण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावाजवळ कॅटाल्पा या झाडांची एक राई होती आणि तिला अळीने ग्रासले होते. ३ ऑगस्ट १९२१ रोजी लेफ्टनंट जॉन मॅकरेडी याने लष्करातले जुने दुपंखी विमान त्या राईच्या शेंड्यांवरून नेले आणि त्याच्या कुशीला बांधलेल्या पत्र्याच्या पेटीतून शिसे व सोमल यांची भुकटी सोडली. सहा एकरांची ती राई एका मिनिटापेक्षाही कमी वेळात पांढरी झाली. मौज अशी की याच मॅकरेडीने दोन वर्षांनी, मे १९२३ मध्ये, एका सोबत्यासह अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कुठेही न थांबता उड्डाण केले. ते विमान म्हणजे जणू उडती पेट्रोलची टाकीच होती. सुमारे सत्तावीस तास ते हवेत होते. म्हणजे एकाच माणसाने विमानाची दोन टोके पाहिली. एकात सगळे वजन पेट्रोलचे आणि दुसऱ्यात सगळे वजन औषधाचे. फवारणीच्या विमानाचे पुढचे सारे दुःख या दोन वजनांच्या भांडणातून निघाले आहे.

ते भांडण आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मांडून पाहू. आपल्याला सर्वांत जवळची पक्की धावपट्टी नांदेडची. ती १९५८ साली बांधली गेली. हिंगोलीपासून तिचे सरळ रेषेतले अंतर साठ-बासष्ट किलोमीटर आहे. आता पायपर पॉनी हे विमान घ्या. १९५९ पासून जगभर फवारणीसाठी खपलेले हे लहानसे विमान. त्याच्या २३५ अश्वशक्तीच्या नमुन्याला काम करताना ताशी सुमारे ५० लिटर पेट्रोल लागते आणि टाकीत सुमारे १४० लिटर मावते. नांदेडहून हिंगोलीच्या शिवारात येऊन परत जायला त्याला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. एका फेरीला ४० लिटर पेट्रोल नुसते वाटेत जळाले! आणि औषध किती आणले? साडेपाचशे किलोच्या आत. हेक्टरी वीस-पंचवीस लिटर द्रावण धरले तर फार तर पंचवीस हेक्टर भिजले. हा धंदा कुणालाही परवडणार नाही.

म्हणून फवारणीचे विमान विमानतळावरून काम करीतच नाही. शेताजवळचे एखादे मुरमाड माळरान पाहायचे, दगड वेचायचे, रुमण्यासारखी वर आलेली खुंटे उपटायची, आणि तीच धावपट्टी. पेट्रोल पिंपातून येणार, औषध ड्रममधून येणार, पाणी जवळच्या विहिरीवरून किंवा ओढ्यावरून येणार. एक खेप पाच-दहा मिनिटांची. उठायचे, शेतावर चार-सहा फेऱ्या मारायच्या, उतरायचे, पुन्हा भरायचे. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर असे दिवसाला कितीतरी वेळा.

आता या पद्धतीत एक मोह दडलेला आहे. पेट्रोल एका लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर भरते. टाकी निम्मीच भरली तर सुमारे पन्नास किलो वजन वाचते, आणि तेवढ्या वजनाचे जास्त औषध दर खेपेला नेता येते. म्हणजे खेपेमागे आणखी दोन हेक्टर. ठेका जिथे एकराच्या हिशेबाने असेल तिथे ही दोन हेक्टरे ठेकेदाराला खुणावत राहणारच. शिवाय आखूड माळावरून, दुपारच्या तापल्या हवेत, जड विमान उठताना कुंथते. तेव्हाही पायलटला वाटते की पेट्रोल थोडे कमीच बरे. अशा रीतीने पहिल्या खेपेला भरलेले पेट्रोल आठव्या, नवव्या खेपेपर्यंत पुरवायचे ठरते. आणि नवव्या खेपेला पायलट थकलेला असतो, सूर्य बुडायला आलेला असतो, आणि शेताचे दोनच पट्टे उरलेले असतात. बैलगाडीवाल्याला हे समजेल. अंधार पडता पडता "एवढी एक खेप टाकू" म्हणूनच धुऱ्यावर गाडी उलटते.

बरे, काटा काय सांगतो? पूर्वीच्या लहान विमानांतल्या काट्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. फवारणीला पुष्कळ वापरलेले पायपर कब हे विमान १९३० नंतरच्या दशकातले. त्याच्या टाकीत एक बूच तरंगत असे, अगदी बाटलीच्या बुचाच्या जातीचे. त्या बुचाला एक तार टोचलेली आणि ती तार टाकीच्या झाकणातून पायलटच्या तोंडासमोर वर आलेली. पेट्रोल उतरेल तशी तार खाली खाली जाई. झाकणाला टेकली की पेट्रोल संपत आले. इतके साधे आणि इतके प्रामाणिक यंत्र दुसरे नसेल. पण विमान वळणावर कलले की पेट्रोल एका बाजूला जाई आणि तार खोटे बोले. शेपटी टेकवून जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात तर टाकीच तिरपी असते. पुढे तारेच्या जागी विजेचे काटे आले. ते धक्क्यांनी आणि औषधाच्या खारट ओलाव्याने बिघडू लागले. म्हणून शहाणा पायलट काट्यावर एक डोळा ठेवी, घड्याळावर दुसरा, आणि उडण्यापूर्वी काडी घालून पाही. काडीवर खुणा केलेल्या असत. ती ओली कुठवर झाली हे डोळ्यांना दिसते, त्यात वाद नाही. तात्यांचा पायलटसाहेब हसण्याजोगे काही करीत नव्हता.

पेट्रोल किती आहे याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो म्हणजे ते पेट्रोलच आहे ना? आपल्या देशात विमानाचे पेट्रोल पहिल्यापासून फार कष्टाने जागेवर पोचले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घेतले, ते बैलगाडीवरून आलेल्या चार-चार गॅलनच्या डब्यांतून. टाटांच्या हवाई टपालाच्या आरंभी एक बैलजोडी उभी आहे, हे आमच्या मुलांना मी वर्गात मुद्दाम सांगतो. डब्यातून, पिंपातून आलेल्या पेट्रोलात पाणी असते. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली तर आतल्या दमट हवेचे दव टाकीच्या पत्र्यावर साचते आणि तळाशी उतरते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणून पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून घेण्याची चाल पडली. ते कातडे पेट्रोल जाऊ देते आणि पाणी अडवते. तात्यांनी हेही पाहिले होते. "दूध गाळावं तसं गाळायचे," म्हणत. रोज सकाळी टाकीच्या तळाची तोटी सोडून ओंजळभर पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यायचे आणि खाली पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहायचे, ही दुसरी चाल.

याहून क्षुल्लक कारणांनीही इंजिन बंद पडते. टाकीत हवा शिरायला एक बारीक नळी असते. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल उतरत नाही. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो ती याचसाठी. माळरानावर चार दिवस उभ्या राहिलेल्या विमानाच्या या नळीत कुंभारमाशी चिखलाचे घर करते. टाकी भरलेली, काटा भरलेला, काडी ओली, आणि तरी इंजिन मध्येच दम तोडते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरते हे आणखी एक आश्चर्य. बाहेर श्रावणातली दमट, सुखद हवा असावी आणि इंजिनाच्या नरड्यात बर्फ साचावा, हे खरे वाटत नाही. पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद वाटेने खेचली जाताना थंडी इतकी वाढते की दमट हवेतले पाणी तिथेच गोठते. मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याचेच हे थोरले भावंड.

आणि फवारणीच्या विमानाला खास असा एक धोका आहे तो वळणाचा. शेताच्या टोकाला पायलट विमान एकदम वर काढतो आणि आडवे करून वळवतो. त्या वळणात विमान जरा घसरले आणि टाकीत पेट्रोल थोडेच असले, तर ते सगळे एका कुशीला जाते आणि तळाचे तोंड उघडे पडते. पेट्रोलऐवजी हवा इंजिनात जाते. टाकीत दहा लिटर पेट्रोल आहे आणि इंजिनाला एक थेंब नाही, अशी अवस्था. उंच उडणाऱ्या विमानात पायलट विमान सरळ करील, इंजिन पुन्हा धरेल आणि वेळ निभावेल. इथे खाली शंभर फुटांवर कपाशी असते. म्हणूनच, दिवसा उडणाऱ्या लहान विमानाने निदान अर्ध्या तासाचे पेट्रोल शिलकीत ठेवावे हा जो सर्वसाधारण नियम आहे तो फवारणीवाल्याने अधिक कसोशीने पाळावा लागतो. ते शेवटचे पेट्रोल त्याच्या उपयोगाचे नसतेच. घरात शिलकीला ठेवलेली पायली आपण धान्यात धरीत नाही, तसे ते टाकीत असूनही हिशेबात धरू नये.

आता समजा, इतके करूनही इंजिन बंद पडले. तीन-चार मीटर उंची आहे आणि वेग ताशी दीडशे किलोमीटर. म्हणजे विमान सेकंदाला सुमारे बेचाळीस मीटर पुढे सरकते आहे. विचार करायला वेळ नाही, म्हणून विचार आधी करून ठेवावा लागतो. पायलट वेग देऊन उंची विकत घेतो. काठी हळूच मागे ओढली की विमान आपल्या वेगावरच तीसेक मीटर वर चढते. एवढीच त्याची पुंजी. याच क्षणी मागे धावपट्टीकडे वळण्याचा मोह होतो, आणि या मोहाने आजवर फार माणसे नेली आहेत. वळणात लहान विमानाचा तोल सुटला की ते नाकावर येते. समोर जे रान असेल तेच आपले, हा नियम विमान उडवायला शिकणाऱ्याला अगदी पहिल्यापासून पाठ करवतात.

दुसरे काम औषध सोडून देणे. पोटातल्या टाकीचे झाकण एका खटक्याने उघडते आणि सगळा भार काही सेकंदांत खाली पडतो. याचे गणित फार बोलके आहे. पॉनीचे भरलेले वजन सुमारे १३१५ किलो, त्यातले ५४४ किलो औषध. ते टाकले की हलके विमान कमी वेगानेही हवेत तगते. उतरण्याचा वेग जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरतो. आपटण्याची ताकद वजनाबरोबर वाढते आणि वेगाच्या तर वर्गाने वाढते. दोन्ही घटल्यावर तो फटका तिसऱ्या हिश्श्यावर येतो. समोरून वारा असेल तर त्याहूनही कमी. माणूस जगेल की मरेल हे पुष्कळदा या एका खटक्याने ठरले आहे.

पण श्रोतेहो, ते पाचशे किलो विष पडले कुठे? कुणाच्या तरी शेतात, कदाचित विहिरीत, कदाचित चरणाऱ्या गुरांवर. पायलटला दोष देता येत नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही तेच केले असते. फवारणीच्या आधी लोकांना निदान चोवीस तास अगोदर सूचना द्यावी, संबंध नसलेल्या माणसांना आणि जनावरांना त्या भागात येऊ देऊ नये, अशी अट आपल्याकडे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत घातली गेली. तशी दवंडी प्रत्यक्षात किती गावांत पिटली गेली, हे ज्याने त्याने आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

आता आपल्या काळ्या रानाकडे येतो. पश्चिमेकडच्या पुस्तकांत लिहिलेले असते की नाइलाजाने उतरायचे झाले तर नांगरटीपेक्षा कापणी झालेले शेत बरे आणि सरींच्या दिशेनेच चाके टेकवावीत. ठीक आहे. परंतु कपाशीवर फवारणी करायची ती ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. त्या दिवसांत कयाधूच्या काठचे काय, पैनगंगेच्या काय, कोणते काळे रान कोरडे असते? वाफसा नसलेल्या रानात आपण बैल घालीत नाही. त्यात ताशी ऐंशी किलोमीटरने धावणारी दोन लहान चाके टेकली की ती रुततात, शेपटी वर येते आणि विमान पालथे पडते. उन्हाळ्यात हेच रान भेगाळते, आणि भेगेत अडकलेले चाक काही निराळे वागत नाही. टाटांच्या टपालाच्या विमानांचीही पहिल्या वर्षांत हीच अडचण होती. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. मुंबईची ही कथा, तर मराठवाड्याच्या काळीची काय सांगावी!

याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात शिकाऊ पायलटांचे एक लहान विमान उतरले. उडवणारी बावीस वर्षांची मुलगी एकटी होती, इंजिनाची ताकद गेली होती. विमान शेतात पालथे झाले. मुलीला किरकोळ जखमा झाल्या आणि गावकरी तिच्या मदतीला धावले. ते फवारणीचे विमान नव्हते. पण महिना पावसाळ्याचा आणि खाली शेत, एवढे सारखे होते. आणि विमान पालथे होऊनही ती वाचली.

विमान पालथे झाले तरी माणूस वाचू शकतो, ही कल्पना मात्र आपोआप आलेली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ह्यू डी हेवन नावाचा एक अमेरिकन तरुण टेक्सासमध्ये उड्डाण शिकत असताना दोन विमानांची टक्कर झाली. दुसऱ्या विमानातली माणसे गेली, हा जबर जखमी होऊन वाचला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने विचार केला की मी का वाचलो, आणि माझ्या पोटाला एवढी इजा का झाली? त्याला दिसले की त्याची बसण्याची जागा बहुतेक शाबूत राहिली होती आणि पोटाची इजा कमरेच्या पट्ट्याच्या जाड बकलाने केली होती. लोक म्हणत, देवाची करणी. त्याचे समाधान झाले नाही. पुढे त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९४२ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे आपल्या बायाबापड्यांना नवे वाटणार नाही. अंडी पेंढ्यात नीट बांधून नेली तर टोपली पडली तरी फुटत नाहीत. माणूसही तसाच बांधता आला पाहिजे.

हे म्हणणे विमानात उतरवले फ्रेड वाइक या इंजिनिअरने. टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात १९५० साली त्याने एजी-१ नावाचे खास फवारणीचे विमान तयार केले. तोवर या धंद्यात बहुतेक लष्करातली जुनी विमाने होती. त्यांतल्या काहींत पुढे किंवा मध्ये पायलट आणि त्याच्या पाठीमागे किंवा भोवती भार असे. आपटल्यावर भार पुढे येऊन पायलटला चिरडी. वाइकने क्रम उलटा केला. सर्वांत पुढे इंजिन, मग औषधाची टाकी, आणि पार मागे, उंचावर, पायलट. पुढचे सारे क्रमाक्रमाने चुरगळावे आणि तेवढ्यात फटक्याचा जोर जिरावा. खांद्यावरून येणारे भक्कम पट्टे, मजबूत खुर्ची, आणि तारा कापायला चाकांच्या दांड्यांना धार. पॉनी हे विमानही त्यानेच आखले. त्यातही एक चूक राहिलीच. पहिल्या पॉनींत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या लगेच मागे, धडात होती. आपटून वाचलेला पायलट आगीत सापडण्याची भीती राहिली. १९७० नंतरच्या दशकातल्या नमुन्यात पेट्रोल पंखांत हलवले गेले. चाळीस-पन्नास वर्षे पेट्रोल किती घ्यावे याचाच हिशेब चालला होता. ते ठेवावे कुठे, याकडे इतक्या उशिरा लक्ष गेले याचे मला नवल वाटते.

आपल्या देशानेही असे विमान बनवले. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आखलेले 'बसंत' ३० मार्च १९७२ रोजी प्रथम उडाले. इंजिन ४०० अश्वशक्तीचे, पायलट उंचावर आणि भार त्याच्या पुढे, म्हणजे घडण नव्या शहाणपणाची. हरितक्रांतीचे दिवस होते, नावही साजेसे होते. पण अवघी एकोणचाळीस विमाने बनली आणि १९८० साली काम थांबले. कारणे शोधायला फार लांब जायला नको. आपले शेतकरी दोन एकर, पाच एकरांचे. एकाच्या कपाशीशेजारी दुसऱ्याची ज्वारी, तिसऱ्याची तूर, मध्ये धुऱ्यावर लिंब आणि बाभळी. विमानाला सलग शेकडो एकर लागतात. आमच्या शिवारात ते पट्टा धरीपर्यंत शेत संपते. आणि विषाचा हिशेबही पुढे मांडला गेला. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फान हवेतून फवारले गेले. तिथल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे जे हाल झाले त्यांनी देश हादरला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी घातली. विमानाची फवारणी आपल्याकडून त्याआधीच जवळजवळ गेली होती. आता तिचे नावही कुणी काढीना.

मात्र आकाशातून फवारणी परत आली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना पंधरा हजार ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, आणि आमच्याकडच्या सोयाबीनवर, हळदीवर ड्रोन घुमताना मुलांना आता नवल वाटत नाही. गेल्या श्रावणात आमच्या महाविद्यालयाची काही मुले घेऊन मी वसमतकडच्या एका शेतात ते पाहायला गेलो होतो. चालवणारी बाई तिशीतली, डोक्याला रुमाल, गळ्यात यंत्र अडकवलेले. दहा लिटर औषध, आणि बॅटरी भरल्या भाराने दहा-बारा मिनिटांची. औषध अर्धे घेतले तर बॅटरी जास्त पुरते, पूर्ण घेतले तर कमी पुरते. मॅकरेडीच्या दोन वजनांचे भांडण इथेही आहे, फक्त पायलट खाली उभा आहे.

शेवटचा पट्टा उरला होता. शेतमालक म्हणाला, "ताई, एवढं एक तास मारून घ्या की, मग बदला बॅटरी." ताईंनी हातातल्या पडद्याकडे पाहिले आणि ड्रोन परत बोलावले. मी विचारले, यंत्र कमी बॅटरी दाखवत होते का? "नाही सर, तीस टक्के दाखवतंय," त्या म्हणाल्या. "पण ही जुनी झालीय. तिसावरून दहावर यायला हिला वेळ लागत नाही. मागं एकदा हिनं उभ्या उसात उतरवलंय मला, दोन तास शोधत होतो." मग त्यांनी बॅटरी काढली, पाठीमागून हात लावून ती किती तापली आहे ते पाहिले, कुठे फुगली तर नाही ना म्हणून कडेने बोट फिरवले, आणि दुसरी बसवली. मुले हसली. मला तात्यांची काडी आठवली, ते मी त्यांना परतीच्या वाटेवर सांगितले.